उडत्या विमानात इंजिनला इंधन मिळेनासं कधी होतं?

प्रश्न असा आहे की जेट इंजिनची फ्युएल सिस्टीम हवेत फेल होते म्हणजे नेमकं काय होतं, पंप बंद पडला की इंजिन लगेच थांबतं का, आणि सगळं डबल-डबल असताना दोन्ही इंजिनं एकदम कशी जातात. मी जवळपास एकोणतीस वर्षं विमानांच्या मेंटेनन्समध्ये काढली, त्यातली बरीचशी सांताक्रूझ-कलिन्याच्या बाजूला रात्रपाळीत, त्यामुळे उत्तर जरा लांबणार, चहा घेऊन बसा.

पहिलं पंपाचं सांगून टाकतो कारण सगळ्यांना तीच भीती असते. पंखातल्या टाकीत बूस्ट पंप असतात, एका टाकीत साधारण दोन. एक गेला तर दुसरा पुरतो, दोन्ही गेले तरी इंजिनवरचा स्वतःचा पंप टाकीतून इंधन ओढून घेतो, त्याला आम्ही सक्शन फीड म्हणतो. फक्त खूप उंचीवर हे नीट चालेलच असं नाही, कारण तिथे हवेचा दाब कमी असतो आणि इंधनात विरघळलेली हवा बुडबुडे होऊन बाहेर पडते, सोड्याची बाटली उघडल्यासारखं, मग पंपाला इंधनाऐवजी फेस मिळतो. अशा वेळी पायलट उंची कमी करतो आणि पुढे जातो. टेकलॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, एक स्नॅग म्हणजे बिघाड लिहिला जातो, आम्ही रात्री पंप बदलतो, झालं.

इंजिनवरचा हाय प्रेशर पंप मात्र एका इंजिनला एकच. साधा गियर पंप असतो, दोन दातेरी चाकं एकमेकांत फिरतात, आणि गंमत म्हणजे त्याला वेगळं ऑइल नाही, जे इंधन तो ढकलतो तेच त्याचं वंगण. त्याचा शाफ्ट तुटला तर ते इंजिन गेलंच, त्यात दुमत नाही. पण ते एकच इंजिन गेलं. दुसऱ्या इंजिनचा पंप वेगळा, पाइप वेगळे, इंजिनवर नियंत्रण ठेवणारा फॅडेक कॉम्प्युटर वेगळा, त्या कॉम्प्युटरमध्येही पुन्हा दोन चॅनल, आणि त्याला वीज द्यायला इंजिनवरच बसवलेला छोटा अल्टरनेटर वेगळा. एका इंजिनवर विमान व्यवस्थित उडतं, उतरतं, त्याची प्रॅक्टिस पायलट लोक दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये करतात.

म्हणजे लोखंडाचं सगळं डबल आहे. डबल नसतं ते इंधन. दोन्ही इंजिनांना इंधन आलेलं असतं त्याच बाउझरमधून (इंधनाची टँकर गाडी) नाहीतर त्याच हायड्रंटमधून (विमानतळाच्या जमिनीखालची इंधनाची पाइपलाइन), त्याच दिवशी, आणि त्यावर हात फिरवणारी माणसंही तीच. मला जेवढ्या मोठ्या केसेस माहीत आहेत त्यातल्या बहुतेक इथूनच सुरू होतात, पंपातून नाही.

आधी इंधनाचा रस्ता थोडक्यात बघू म्हणजे पुढचं कळेल. टाकी, बूस्ट पंप, मग पंखातला शट-ऑफ व्हॉल्व्ह ज्याला स्पार व्हॉल्व्ह म्हणतात, मग इंजिनचा लो प्रेशर पंप, तिथून फ्युएल-ऑइल हीट एक्स्चेंजर, मग फिल्टर, मग हाय प्रेशर पंप, मग मीटरिंग युनिट जे किती इंधन जाळायचं ते फॅडेकच्या सांगण्यावरून मोजून सोडतं, आणि शेवटी नोझल. क्रम इंजिनगणिक थोडा इकडे-तिकडे होतो. यातला हीट एक्स्चेंजर लक्षात ठेवा. इंजिनचं ऑइल गरम, इंधन गार, दोघांना पातळ नळ्यांच्या आत-बाहेर फिरवतात, ऑइल थंड होतं आणि इंधन कोमट होतं, एका दगडात दोन पक्षी. याच भागाने २००८ मध्ये एक बोइंग ट्रिपल सेव्हन (७७७) घालवलं होतं.

१७ जानेवारी २००८, ब्रिटिश एअरवेजची फ्लाइट ३८, बीजिंगहून लंडन हीथ्रो. विमान सायबेरियावरून आलं, इंधनाचं तापमान उणे ३४ पर्यंत उतरलं होतं. आता जेट ए-वन, म्हणजे विमानाचं नेहमीचं इंधन, रॉकेलचाच प्रकार, त्याचं गोठायचं तापमान उणे ४७, त्यामुळे इंधन स्वतः गोठलेलं नव्हतं, आणि तपासात ते स्पेसिफिकेशनमध्ये पूर्ण बसणारं निघालं. पण कुठल्याही इंधनात किंचित पाणी असतंच, विरघळलेलं असतं, दिसतसुद्धा नाही. ७०-८० टन इंधनात मिळून काही लिटर. ते पाणी बर्फ होऊन पाइपच्या आतल्या भिंतीला हळूहळू चिकटत गेलं, घरच्या जुन्या फ्रीझरला बर्फाचा थर येतो ना तसं, आणि तासन् तास इंजिन निवांत चालत होतं, फ्लो कमी होता, म्हणून तो थर तसाच बसून राहिला. हीथ्रोला उतरायच्या बेतात असताना ऑटोथ्रॉटलने (इंजिनची पॉवर आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रणा) जास्त पॉवर मागितली, फ्लो वाढला आणि तो सगळा बर्फ एकदम सुटून हीट एक्स्चेंजरच्या तोंडावर येऊन बसला. रोल्स-रॉइस ट्रेंट ८०० च्या त्या एक्स्चेंजरमध्ये नळ्यांची टोकं तोंडाच्या पत्र्यापासून काही मिलिमीटर पुढे आलेली होती, त्या टोकांमध्ये बर्फ अडकला. जमिनीपासून साधारण ७२० फुटांवर एक इंजिन ढेपाळलं, सात सेकंदांनी दुसरं. इंजिनं बंद नाही पडली हं, चालू होती, पण मागाल तेवढी पॉवर द्यायला तयार नाहीत. कॅप्टनने फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे खाली वळणारे पत्रे, ३० वरून २५ वर घेतले जेणेकरून हवेचा अडथळा थोडा कमी होईल, आणि विमान धावपट्टीच्या अलीकडे गवतावर आदळलं. १५२ जण आत होते, सगळे वाचले.

तपास करणाऱ्यांना पुरावा काय सापडणार होता सांगा, बर्फ तर वितळून गेला! हीट एक्स्चेंजर उघडला तर कोरा करकरीत. शेवटी लॅबमध्ये तशीच रचना उभी करून, गार इंधनात मोजून पाणी सोडून, तोच प्रकार पुन्हा घडवून दाखवावा लागला. मधल्या काळात त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डेल्टाच्या ट्रिपल सेव्हनला शांघायहून अटलांटाला जाताना अमेरिकेत मोंटानावर एका इंजिनला हेच झालं, पण ते उंचीवर होते, पायलटने थ्रॉटल मागे घेतला, फ्लो कमी झाला, बर्फाला वितळायला वेळ मिळाला आणि इंजिन परत आलं. नंतर एक्स्चेंजरचं डिझाइन बदललं, नळ्यांची टोकं पत्र्याच्या सपाटीला आणली. इतका छोटा बदल. मला आजही ही केस सगळ्यात भारी वाटते कारण इथे कोणाचीच चूक नव्हती, इंधन चांगलं, इंजिन चांगलं, माणसं चांगली, आणि तरी झालं.

आता पाणी कसं तपासतात ते सांगतो, कारण हे काम मी स्वतः हजारो वेळा केलंय. पहाटे पहिल्या फ्लाइटच्या आधी पंखाखाली उभं राहायचं, टाकीच्या सगळ्यात खालच्या भागात ड्रेन व्हॉल्व्ह असतो तो दाबून काचेच्या बरणीत इंधन काढायचं. पाणी रॉकेलपेक्षा जड, त्यामुळे असेल तर ते तळाला गोळा होऊन बसतं, पाऱ्याच्या थेंबासारखं, बरणी तिरकी केली की तळातून घरंगळतं. इंधन स्वच्छ आणि चकचकीत दिसलं पाहिजे, धुरकट दिसलं तर संशय घ्यायचा. मग सिरिंजला एक छोटी पिवळी कॅप्सूल लावून त्यातून थोडं इंधन ओढायचं, पाणी असेल तर ती हिरवी होते. मुंबईच्या जुलैत हे करताना एक हात बरणीच्या तोंडावर धरावा लागतो नाहीतर पंखावरून ठिबकणारं पावसाचं पाणीच बरणीत पडतं आणि आपण उगाच विमान ग्राउंड करून बसतो. नवीन पोरं हे एकदा तरी करतातच, मीही केलंय.

पाण्याचा दुसरा त्रास म्हणजे त्यात उगवणारा जीव. खोटं नाही, टाकीच्या तळाशी जिथे पाणी आणि इंधन एकमेकाला लागतात तिथे एक बुरशी वाढते, ती रॉकेल खाते. आमच्याकडे एकदा एक बोइंग ७३७ पावसाळ्यात बरेच आठवडे उभं होतं (कंपनीचं नाव नको), तेवढ्या दिवसांत ड्रेनिंग कागदावर झालं होतं, प्रत्यक्षात किती झालं देव जाणे. ते पुन्हा उडायला लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या फेरीला कॅप्टनने उतरून स्नॅग लिहिला, एका इंजिनचा फिल्टर बायपासचा दिवा लागला म्हणून. आम्ही फिल्टरचं झाकण काढलं तर आत काळपट-तपकिरी बुळबुळीत थर, गावाकडे पाण्याच्या हौदाच्या तळाला बसतो अगदी तसा, बोटाला लागला की सुटेना, आणि वास असा कुजकट की रॉकेलचा वास बरा म्हणायची पाळी. दुसऱ्या इंजिनचा दिवा लागला नव्हता पण उघडून बघितलं तर तिथेही तीच घाण, नुसती थोडी कमी. टाक्या उघडून आत माणसं उतरवून साफ कराव्या लागल्या.

फिल्टर बायपास म्हणजे काय तर फिल्टर तुंबला की इंधन त्याला वळसा घालून तसंच पुढे सोडतात, कारण हवेत असताना अजिबात इंधन नसण्यापेक्षा घाणेरडं इंधन परवडलं. पण मग ती घाण थेट मीटरिंग युनिटमध्ये जाते, ज्याच्या आतल्या फटी केसापेक्षा बारीक असतात. एका इंजिनचा दिवा लागला तर पायलट नोंद करतो, लक्ष ठेवतो. दोन्ही लागले तर जवळचा विमानतळ शोधायचा, कारण दोन्हीकडे तेच इंधन चाललंय.

या बुरशीवर औषध घालतात आणि तिथे अजून एक गंमत आहे, म्हणजे गंमत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये टायटन एअरवेजच्या एअरबस ए३२१ ला सायप्रसमध्ये मेंटेनन्स करताना टाक्यांत बुरशीनाशक घातलं, हिशोब चुकला आणि शिफारशीच्या ३८ पट औषध पडलं. नंतर गॅटविकहून टेकऑफ केल्यावर एक इंजिन धडधडायला लागलं, मग दुसऱ्यानेही कुरकुर सुरू केली, नशिबाने लगेच परत उतरले. त्याच्या आदल्या वर्षी जेटस्टारच्या ७८७ ला केर्न्सहून जपानला जाताना खाली उतरत असताना दोन्ही इंजिनं थोडा वेळ आयडलच्याही, म्हणजे नुसतं चालू राहायच्या किमान वेगाच्याही, खाली गेली होती, तिथेही हेच औषध, केथॉन नावाचं, टाकीत नीट न मिसळल्याने इंजिनच्या फ्युएल कंट्रोलच्या भागांवर क्षार धरले होते. बनवणाऱ्या कंपनीने २०२० मध्ये ते विमानांसाठी देणंच बंद केलं. मी जेव्हा एखाद्याला पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) म्हणजे काय विचारतो आणि तो अडखळतो तेव्हा मला ते ए३२१ आठवतं.

घाण कशी दोन्ही इंजिनांना धरते त्याचं सगळ्यात भयंकर उदाहरण कॅथे पॅसिफिकची फ्लाइट ७८०. १३ एप्रिल २०१०, इंडोनेशियातल्या सुराबायाहून हाँगकाँग, एअरबस ए३३०. सुराबायाच्या विमानतळावर हायड्रंटच्या पाइपलाइनचं काम चाललं होतं आणि त्यात खारं पाणी शिरलं होतं. आता विमानात इंधन भरणाऱ्या गाडीत शेवटचा पहारेकरी म्हणून एक फिल्टर असतो, त्यात पाणी शोषणारा पॉलिमर भरलेला, बाळाच्या डायपरमध्ये असतो त्या जातीचा, पाणी आलं की तो फुगतो आणि रस्ताच बंद करतो. कल्पना उत्तम. पण खाऱ्या पाण्यासमोर तो पॉलिमरच सुटून बारीक गोळ्यांच्या रूपात इंधनाबरोबर विमानात गेला. म्हणजे चोर अडवायला ठेवलेला वॉचमनच चोरांबरोबर घरात शिरला. त्या गोळ्यांनी दोन्ही इंजिनांचे मीटरिंग व्हॉल्व्ह धरले. वाटेत इंजिनचे आकडे थोडे थोडे वर-खाली होत होते, खाली कंपनीला विचारून ते पुढे गेले, आणि हाँगकाँगजवळ एक इंजिन जवळजवळ मेलं, दुसरं ७० टक्क्यांच्या आसपास अडकून बसलं. कमी होईना. पॉवर नाही हा प्रॉब्लेम सगळ्यांना समजतो, पण पॉवर कमीच होत नाही हा किती मोठा प्रॉब्लेम आहे बघा, त्यांना २३१ नॉटला उतरावं लागलं, तासाला जवळपास ४२८ किलोमीटर, नेहमीचा स्पीड याच्या पासष्ट टक्केसुद्धा नसतो. टायरांची हवा गेली, ब्रेक लाल झाले, धावपट्टी संपायच्या आत थांबले. ३२२ जण होते, एकही दगावला नाही. पुढे त्या जातीचे फिल्टर हळूहळू वापरातूनच काढायचं ठरलं.

उलटं टोक म्हणजे इंजिन बंदच होत नाही. क्वांटासच्या ए३८० चं इंजिन ४ नोव्हेंबर २०१० ला फुटलं ते ऑइलच्या पाइपमुळे, इंधनामुळे नाही, पण तुकड्यांनी पंखातल्या वायरी कापल्या आणि सिंगापूरला उतरल्यावर शेजारचं एक नंबरचं इंजिन काही केल्या बंद होईना, शट-ऑफ व्हॉल्व्हपर्यंत आदेशच पोचत नव्हता. अग्निशमनवाल्यांनी दोन तासांहून जास्त वेळ फेस-पाणी मारून ते गुदमरवलं. या व्हॉल्व्हचं तसंच असतं, वीज गेली की आहे त्या जागी राहतो, कारण हवेत वीज गेल्यावर इंधन आपोआप बंद होणं जास्त वाईट.

इंधन बंद करायच्या व्हॉल्व्हचा विषय निघालाच आहे तर त्याच्या स्विचचं, म्हणजे अहमदाबादचं, बोलू. १२ जून २०२५, एअर इंडिया १७१, बोइंग ७८७. मला त्यावर घरच्या-बाहेरच्या सगळ्यांनी विचारून झालंय आणि व्हॉट्सअॅपवर तर इंधनात भेसळ होती इथपासून सगळं येऊन गेलं. प्राथमिक अहवालात जेवढं आहे तेवढंच सांगतो. बाउझरमधून घेतलेले इंधनाचे नमुने तपासले ते ठीक निघाले. टेकऑफनंतर लगेच दोन्ही फ्युएल कंट्रोल स्विच सुमारे एका सेकंदाच्या अंतराने रन (चालू) वरून कटऑफला (बंद) गेल्याची नोंद आहे, आणि साधारण दहा ते चौदा सेकंदांनी दोन्ही पुन्हा रन ला आले. इंजिनांनी स्वतःहून पेट घ्यायचा प्रयत्न केला, पहिलं सावरायला लागलं होतं, पण उंचीच नव्हती. हा स्विच नुसता ढकलून हलत नाही, उचलून मग सरकवावा लागतो, आणि तो कटऑफला गेला की पंखातला आणि इंजिनवरचा असे दोन्ही व्हॉल्व्ह बंद होतात, इंजिनवरचा अगदी नोझलच्या जवळ असल्याने आग तिथल्या तिथे विझते. ते स्विच कसे गेले यावर मी अंदाज बांधणार नाही, कृपया कमेंटमध्ये आग्रह करू नका, २६० माणसं गेलीयत. एवढं मात्र खरं की चुकून हात पडल्याचं जुनं उदाहरण आहे, १९८७ मध्ये लॉस एंजेलिसहून निघालेल्या डेल्टाच्या ७६७ मध्ये कॅप्टनने दुसराच स्विच समजून दोन्ही इंजिनांचं इंधन तोडलं होतं, समुद्रापासून काहीशे फुटांवर इंजिनं पुन्हा लागली. त्यानंतर तिथल्या स्विचची मांडणी बदलायला लावली.

किलोऐवजी पाउंडाचा हिशोब धरून इंधन कमी भरल्याची १९८३ ची कॅनडाची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते म्हणून ती सोडतो, गळतीवर येतो. कारण गळती ही अशी केस आहे की जिथे मशीन खरं सांगत असतं आणि माणसाला ते खोटं वाटतं.

२४ ऑगस्ट २००१, एअर ट्रान्सॅटची फ्लाइट २३६, टोरोंटोहून लिस्बन, ए३३०, ३०६ जण. काही दिवस आधी उजवं इंजिन बदललेलं. बदलताना हायड्रॉलिकचा पाइप एका मॉडिफिकेशनचा आणि फ्युएलचा पाइप दुसऱ्या, त्यामुळे दोघांमध्ये जी फट पाहिजे ती राहिली नाही आणि ते एकमेकाला घासत बसले. हे माझ्या धंद्यातलं पाप आहे, म्हणून मला जास्त लागतं. अटलांटिकवर मध्यरात्री फ्युएलचा पाइप फाटला. आणि कॉकपिटमध्ये पहिलं काय दिसलं माहितीये? उजव्या इंजिनच्या ऑइलचं तापमान कमी आणि प्रेशर जास्त. कोणालाही वाटेल काहीतरी सेन्सरचा घोळ आहे. पण वरचा हीट एक्स्चेंजर आठवा, इंधन त्याच्या पुढे कुठेतरी गळत होतं, म्हणजे त्यातून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त गार इंधन धावत होतं आणि ऑइल गारठत होतं. लक्षण बरोबर होतं, पण लक्षात येणार कसं? अर्ध्या तासाने डाव्या-उजव्या टाकीत फरक दिसला, तेव्हा त्यांनी क्रॉसफीड, म्हणजे एका बाजूचं इंधन दुसऱ्या बाजूला द्यायचा व्हॉल्व्ह, उघडून डावीकडचं इंधन उजवीकडे सोडलं, म्हणजे फुटक्या मडक्यात पाणी ओतलं. दोन्ही इंजिनं तेरा मिनिटांच्या अंतराने गेली. मग एकोणीस मिनिटं ग्लायडिंग करत अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवरच्या लाजेस विमानतळावर उतरले, सगळे वाचले. आज चेकलिस्टमध्ये इम्बॅलन्सच्या, म्हणजे दोन्ही बाजूंच्या टाक्यांतल्या फरकाच्या, आधी पहिला प्रश्न गळतीचा असतो, उरलेलं इंधन अधिक जळलेलं इंधन मिळून निघतानाच्या आकड्याएवढं होतंय का, नसेल होत तर क्रॉसफीडला हात लावायचा नाही.

त्या रात्री त्यांनी केबिन क्रूला खिडकीतून पंखाकडे बघायला पण सांगितलं होतं, अंधारात काही दिसलं नाही. तुम्ही कधी दिवसा खिडकीला बसलात आणि इंजिनच्या नाहीतर पंखाच्या मागून पांढरट धुक्याची सरळ रेघ सतत मागे जाताना दिसली, तर क्रूला सांगा. पावसाळ्यात मुंबईला उतरताना फ्लॅपच्या कडेवरून जी वाफ येते-जाते ती वेगळी, ती नुसती हवेतली दमट ओल, ती विमान वळलं किंवा ढगातून बाहेर आलं की विरते. इंधनाची रेघ विरत नाही, एकाच जागेवरून निघत राहते.